दोन राण्या आणि पहिल्या जागेवरचा चिक्कू: फुल रिंगमधल्या एका डावाचा पूर्ण हिशेब

खेळ ऑनलाइन पोकरचा, टेक्सस होल्डेम: प्रत्येकाला दोन झाकलेली पानं आणि मधे सगळ्यांसाठी पाच उघडी, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). टेबल नऊ जणांचं, म्हणजे फुल रिंग. ब्लाइंड (पानं वाटण्याआधी दोघांनी सक्तीने भरायची रक्कम) 50 सेंट आणि 1 डॉलर, म्हणजे खेळणारे ज्याला एनएल100 म्हणतात तो टप्पा. सगळ्यांसमोर 100 डॉलर. अंडर द गन (यूटीजी), म्हणजे बोलण्याची पाळी ज्याच्यावर सगळ्यात आधी येते तो खेळाडू 3 डॉलरला उघडतो. मधले चौघं पानं फेकतात. आपण कटऑफवर (बटनच्या, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेच्या, अगदी आधी), हातात इस्पिक राणी आणि चौकट राणी. बटन आणि दोन्ही ब्लाइंड अजून बोलायचे आहेत.

डाव नमुन्याचा आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल ठेवलेत. पण नऊ जणांच्या टेबलावर थोडे महिने काढलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल, कारण राण्यांची जोडी घेऊन याच जागी प्रत्येक जण कधी ना कधी अडकलेला असतो.

समोरची माणसं आधी ओळखून घेऊ. उघडणाऱ्याला चिक्कू म्हणू. इंग्रजीतले खेळाडू अशाला निट म्हणतात, पण चिक्कू जास्त चपखल आहे. त्याचा व्हीपीआयपी 13, पीएफआर 10. म्हणजे शंभरातल्या तेरा डावांत तो स्वतःहून पैसे घालतो आणि त्यातल्या दहांत रेझ करून, म्हणजे बोली वाढवून. हे आकडे काही हजार डावांवरचे आहेत असं धरू, म्हणजे त्यांवर विसंबता येईल. बिग ब्लाइंडवर दिलदार बसलाय: व्हीपीआयपी 41, पीएफआर 6. कुठल्याही दोन पानांत त्याला भविष्य दिसतं आणि तो रेझ मात्र क्वचितच करतो.

पहिल्या जागेचं वजन

फुल रिंग आणि सहा जणांचं टेबल यांत फरक काय, असं विचारलं की लोक "फुल रिंगमध्ये टाइट खेळायचं" एवढंच सांगून मोकळे होतात. का, ते आकड्यांत बघू. एखाद्याला राण्यांची किंवा त्याहून मोठी जोडी मिळण्याचे 1326 पैकी 18 प्रकार आहेत, म्हणजे साधारण 1.36 टक्के. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून उघडणाऱ्याच्या मागे आठ जण असतात. त्यांतल्या निदान एकाकडे अशी जोडी असण्याची शक्यता ढोबळमानाने 10 टक्के. सहाच्या टेबलावर मागे पाच जण, तिथे ती साडेसहा टक्क्यांच्या आसपास येते. त्यात भर म्हणजे नऊच्या टेबलावर ब्लाइंडचा दीड डॉलर नऊ डावांत एकदा भरावा लागतो. सहाच्या टेबलावर तोच सहा डावांत एकदा. वाट बघत बसणं फुल रिंगमध्ये स्वस्त पडतं, म्हणून चिक्कू तिथे जगतो. सहाच्या टेबलावर त्याला ब्लाइंडच खाऊन टाकतील.

तर पहिल्या जागेवरून चिक्कू काय उघडतो? सत्तीच्या जोडीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी दोन्ही तऱ्हेचे, सूटेड (म्हणजे एकाच रंगाचा) एक्का-गुलाम आणि सूटेड राजा-राणी. मोजले तर 88 कॉम्बो (दोन पानं हातात येण्याचे प्रकार; पुढे त्यांनाच नुसतं "पानं"ही म्हणेन) होतात, 1326 पैकी 6.6 टक्के. दोन राण्या आपल्या हातात असल्यामुळे त्याच्या वाट्याचे काही कॉम्बो कटतात. राण्यांची जोडी सहाऐवजी एकाच प्रकारे उरते, एक्का-राणी सोळाऐवजी आठ, सूटेड राजा-राणी चारऐवजी दोन. उरले 73.

त्यांत आपल्या पुढे फक्त एक्क्यांची आणि राजांची जोडी, 6 आणि 6 मिळून 12. बाकी एक्का-राजाविरुद्ध आपण किंचित सरस (सुमारे 56 टक्के) आणि उरलेल्या जवळपास सगळ्यांवर चांगलेच भारी. या पूर्ण रेंजविरुद्ध (त्याच्याकडे असू शकणाऱ्या सगळ्या पानांविरुद्ध) राण्यांची इक्विटी, म्हणजे पॉटमधला सरासरी वाटा, 60 टक्क्यांच्या थोडी वर जाते. हे बघून हात शिवशिवतात: थ्री-बेट (त्याच्या रेझवर आपला रेझ) मारायची आणि पॉट फुगवायचा.

थ्री-बेट मारली तर

समजा 10 डॉलर केले. चिक्कू आता काय करेल? सत्ती ते दश्शीच्या जोड्या, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी हे सगळं फेकेल. गुलामांच्या जोडीचं तळ्यात-मळ्यात होईल, पण चिक्कू खराखुरा असेल तर तीही जाईल. पुढे येईल ते एक्के, राजे, एक्का-राजा आणि तो एकुलता एक राण्यांचा कॉम्बो: 6, 6, 16, 1 मिळून 29. म्हणजे 73 पैकी 44 पानं गेली. आणि ही 44 कोणती? ज्यांना आपण मागे टाकून बसलो होतो, नेमकी तीच.

उरलेल्या रेंजविरुद्ध, म्हणजे एक्के, राजे आणि एक्का-राजा यांच्याविरुद्ध, राण्यांची इक्विटी साधारण 40 टक्क्यांवर येते. 60 च्या वरून 40 वर आलो, तेही स्वतःच्या रेझने. 44 वेळा मिळतात ते त्याचे 3 आणि ब्लाइंडचा दीड, मिळून साडेचार डॉलर. त्यासाठी 10 लावायचे असतील तर तो 69 टक्के वेळा पळायला हवा. इथे तो 60 टक्के पळतोय. म्हणजे थ्री-बेट तोट्याची आहे असं नाही, कारण पुढे आला तरी आपल्याकडे 40 टक्के आहेतच. पण हातात राण्या असताना आपण खेळ मात्र ब्लफचा खेळलो. तेवढंच करायचं होतं तर सत्ती-दुर्री घेऊनही जमलं असतं.

आणि त्याने 24 ला फोर-बेट (आपल्या थ्री-बेटवर आणखी रेझ) मारली तर? चिक्कूची फोर-बेट म्हणजे एक्के नाहीतर राजे. तिथे आपली इक्विटी 18-19 टक्के. राण्या फेकाव्या लागतील आणि फ्लॉप न बघता 10 डॉलर जातील.

हीच थ्री-बेट बटनवरून उघडणाऱ्याविरुद्ध मात्र डोळे झाकून मारावी. त्याची रेंज 45 टक्क्यांच्या आसपास असते, थ्री-बेटला तो दश्शीची जोडी, एक्का-गुलाम, राजा-राणी घेऊन कॉल करतो (तेवढेच पैसे भरतो), कधी चिडून फोर-बेटही मारतो. पानं तीच, पण समोरचा कुठल्या खुर्चीवरून बोलला त्यावर राण्यांची किंमत ठरते. या लिखाणात मला सांगायचं आहे ते एवढंच. पुढचा सगळा हिशेब त्याचाच विस्तार आहे, कारण रिव्हरपर्यंत ती खुर्ची पिच्छा सोडत नाही.

म्हणून आपण 3 डॉलर कॉल करतो. बटन आणि स्मॉल ब्लाइंड फोल्ड. दिलदारला आणखी 2 डॉलर घालून साडेसात डॉलरसाठी भांडता येणार, म्हणजे त्याला 21 टक्के इक्विटी पुरते. एवढ्या भावात तो येणारच. आला.

कॉलची किंमतही मोजायला हवी. फ्लॉपवर एक्का किंवा राजा यापैकी काहीतरी पडण्याची शक्यता 41 टक्के आहे, आणि तसं झालं की राण्यांचा चेहरा उतरतो. शिवाय दिलदारसारखा माणूस स्वस्तात आत आला, तो काय घेऊन बसलाय देव जाणे. पण बदल्यात आपल्याला पोझिशन आहे (आपण त्यांच्यानंतर बोलतो), चिक्कूची 73 च्या 73 पानं अजून खेळात आहेत आणि पॉट लहान आहे. एक जोडी घेऊन लहान पॉट खेळायला मला कधीच वाईट वाटत नाही.

फ्लॉप

पॉट साडेनऊ डॉलर. फ्लॉप: किलवर गुलाम, चौकट अठ्ठी, इस्पिक तिर्री. तीन पानं तीन रंगांची, एक्का नाही, राजा नाही. दिलदार चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढे. चिक्कू 6 डॉलर लावतो.

आपल्यासमोर 97 डॉलर आणि पॉट साडेनऊ, म्हणजे स्टॅक-टू-पॉट रेशो दहाच्या वर. थ्री-बेट पॉट असता तर तो चारच्या आसपास राहिला असता आणि ओव्हरपेअर (मधल्या सगळ्या पानांहून मोठी जोडी) घेऊन सगळे पैसे आत घालणं सहज पटलं असतं. दहाच्या वर असताना एका जोडीवर 97 डॉलर घालायचे म्हणजे समोरचा आपल्याहून हलकं पान घेऊन तेवढे घालेल अशी खात्री हवी. चिक्कू तसा घालणारा नाही.

मग रेझ का करायचा? एक कारण मला पटण्यासारखं वाटतं: दिलदार. त्याच्याकडे गुलाम-नव्वी किंवा दश्शी-नव्वी असेल तर तो 18 डॉलरही भरेल. पण तो चेक करून बसलाय, त्याच्या पुढे चिक्कूचा बेट आणि त्यावर आपला रेझ, अशा दुहेरी दाराआडून दिलदारही क्वचितच आत येतो. चिक्कूपुरतं बोलायचं तर रेझला तो एक्के, राजे, गुलाम आणि अठ्ठीचा सेट (तीन सारखी पानं), फार तर एक्का-गुलाम घेऊन राहील. दश्शी, नव्वी आणि एक्का-राजा जातील. पुन्हा तेच: हरणारी पानं आपण हाकलली आणि जिंकणारी ठेवली.

6 डॉलर घालून साडेपंधरासाठी भांडायचं आहे, 27.9 टक्के लागतात. इथे रेंज परत मोजू. गुलाम एक फ्लॉपवर गेल्यामुळे गुलामांच्या जोडीचे 3 कॉम्बो, अठ्ठीच्या जोडीचे 3, सूटेड एक्का-गुलामाचे 3. तीन जणांच्या पॉटमध्ये चिक्कू सगळं लावत नाही. एक्का-राणी, राजा-राणी, सत्तीची जोडी तो चेक करतो, नव्वीच्या जोडीतली निम्मी आणि एक्का-राजातला निम्मा चेक करतो. हे माझे अंदाज आहेत, पण या जातीच्या खेळाडूंचा इतिहास पाहिला तर यापेक्षा जास्त बेट करणारे कमीच निघतील.

लावतो ते: एक्के 6, राजे 6, राण्या 1, गुलामांचा सेट 3, अठ्ठीचा सेट 3, एक्का-गुलाम 3, दश्शी 6, नव्वी 3, एक्का-राजा 8. बेरीज 39. त्यात 18 आपल्या पुढे, 1 बरोबरीत, 20 मागे. निम्म्याहून जास्त वेळा आपण पुढे आणि लागतात फक्त 28 टक्के. कॉल. दिलदार पानं फेकतो, जाताना टेबलावर मोठासा उसासा इमोजी टाकून.

टर्नवर खरी मेख

पॉट साडेएकवीस. टर्नला बदाम पंजी. बोर्डावर काहीच बदललं नाही. चिक्कू 14 डॉलर लावतो.

बहुतेक विश्लेषणं रिव्हरवर जाऊन थांबतात, कारण तिथे मोठा पैसा आणि मोठा निर्णय असतो. माझ्या मते या डावातला सगळ्यात बारीक कॉल टर्नवर आहे, आणि तो बरोबर असला तरी वेगळ्याच कारणासाठी.

दुसरी गोळी झाडणारा चिक्कू हा पहिली गोळी झाडणारा चिक्कू नव्हे. फ्लॉपवरचा बेट सवयीचा असतो. रेझ आपण केला होता, बेटही आपणच लावायचा, एवढाच विचार त्यामागे असू शकतो. टर्नवर त्याला आठवतं की कटऑफवरचा माणूस प्रीफ्लॉप आपल्या पहिल्या जागेच्या रेझला आणि फ्लॉपवर बेटला कॉल करून बसलाय. नव्वीची जोडी तो चेक करेल, दश्शीतली बहुतेक चेक करेल, एक्का-राजा पुन्हा निम्मा सोडेल. उरतं काय? पुढची 18, राण्या 1, एक्का-गुलाम 3, दश्शी 2, एक्का-राजा 4. एकूण 28.

फ्लॉपवर पुढे-मागे 18 विरुद्ध 20 होतं. टर्नवर 18 विरुद्ध 9 झालं. पान एकही बदललं नाही, फक्त त्याने परत हात घातला.

14 घालून साडेपस्तीससाठी भांडायचं आहे, 28.3 टक्के लागतात. 28 पैकी 9 मागे आणि एकाची निम्मी बरोबरी, म्हणजे 34 टक्के. कॉल बसतो. पण थांबा, रिव्हरवर तो पुन्हा लावणार असेल आणि आपण फेकणार असू, तर हे 34 टक्के कागदावरच राहतात. म्हणून गणित असं करावं: समजा रिव्हरवर चिक्कू पुढची सगळी 18 पानं लावतो आणि मागची 9 चेक करतो, आपण बेटला फेकतो आणि चेकला शोडाउन (पानं उघडून निकाल) घेतो. 9 वेळा साडेपस्तीस मिळाले, 319.5. 18 वेळा 14 गेले, 252. फरक 67.5, त्याला 28 ने भागा: प्रत्येक कॉलमागे साधारण 2 डॉलर 40 सेंट. एक्का-राजाला रिव्हरवर एक्का किंवा राजा लागण्याची पळवाट त्यातून थोडी वजा करा, आपल्याला राणी लागून सेट होण्याची थोडी मिळवा. तरी फायद्यातच.

टर्नचा कॉल म्हणजे "माझी पानं भारी आहेत" असं म्हणणं नव्हे. "तू प्रामाणिक आहेस, पुढच्या पानावर तू मला खरं सांगशील" असं म्हणणं आहे. समोर प्रामाणिक नसलेला, तिन्ही रस्त्यांवर पिस्तूल काढणारा आक्रमक माणूस असता तर हा कॉल घ्यायचा की नाही हे रिव्हरचं पूर्ण नियोजन केल्याशिवाय ठरलं नसतं.

ऑनलाइन पोकरमध्ये एक नियम बलुगा थिअरम या नावाने फिरतो: टर्नवर तुम्ही बेट केलात आणि समोरून रेझ आला, तर एका जोडीच्या ताकदीचा पुनर्विचार करा. आपल्या डावात रेझ नाही, साधा दुसरा बेट आहे. पण चिक्कूच्या बाबतीत दुसरा बेट म्हणजे दुसऱ्या एखाद्याचा रेझच समजावा.

रिव्हर: 36 डॉलर

पॉट साडेएकोणपन्नास. रिव्हरला चौकट दुर्री. फ्लश नाही. चौकी जोडून एक्का-पंजीची सरळ लागू शकते, पण पहिल्या जागेवरून चिक्कू एक्का-चौकी उघडत नाही. दश्शी-नव्वीचा ड्रॉ (सरळीची अर्धवट जुळणी) फसला असता, पण तीही त्याच्या रेंजमध्ये नाही. चिक्कू वेळ घेतो आणि 36 लावतो.

36 घालून साडेपंच्याऐंशीसाठी भांडायचं. 29.6 टक्के लागतात. साइटचा रेक (पॉटमधून कापलेला वाटा) 3 डॉलर धरला तर 30.4 टक्के. पुढची पानं 18, म्हणजे हा कॉल बसायला मागची जवळपास 8 पानं हवीत. त्याच्याकडे मागची जास्तीत जास्त किती आहेत? टर्नवर 9 होती. त्यातली दश्शीची 2 तो रिव्हरवर लावायची शक्यता नाही, त्यांना शोडाउनची किंमत आहे. उरली 7: एक्का-गुलाम 3, एक्का-राजा 4. म्हणजे त्याने एक्का-गुलामाची तिन्ही व्हॅल्यूसाठी लावली आणि एक्का-राजाची चारही ब्लफ म्हणून लावली, तरीसुद्धा 8 होत नाहीत.

तो एक्का-गुलाम इथे 36 ला लावेल असं मला मुळीच वाटत नाही, आणि एक्का-राजाचं तिसरं बॅरल (सलग तिसरा बेट) तर त्याहून नाही. काही चिक्कू रिव्हरवर राजांची जोडीही घाबरून चेक करतात हे खरं. राजांची निम्मी वजा करा, पुढची 15 उरतात आणि मागची साडेसहाच पुरतात. तेवढ्यासाठीही त्याला एक्का-राजाची चारच्या चार पानं झाडावी लागतील. फोल्ड.

यावर सॉल्व्हर (संतुलित खेळ शोधणारं सॉफ्टवेअर) शिकलेला कुणी म्हणेल: साडेएकोणपन्नासमध्ये 36 लावले तर किमान बचाव 58 टक्के ठेवावा लागतो, म्हणजे तेवढ्या पानांनी तरी कॉल करावा लागतो, आणि राण्या आपल्या कॉल करणाऱ्या पानांत खूप वर आहेत, या फेकल्या तर ठेवणार काय? बरोबर आहे, समोरचा संतुलित खेळत असेल तर. 36 च्या बेटला चिक्कूच्या बेटांत 29.6 टक्के ब्लफ असायला हवेत, म्हणजे 18 खऱ्या पानांमागे साडेसात-आठ खोटी. हा तोच आकडा जो आपल्याला कॉलसाठी हवा होता, आरशात बघितल्यासारखा. त्याने पहिल्या जागेवरून सूटेड एक्का-पंजीसारखी पानं उघडली असती, टर्नवर एक्का-राजा सगळा झाडला असता, तर तो आकडा जुळला असता आणि आपण कात्रीत सापडलो असतो. तो तसं करत नाही म्हणून तर त्याचं नाव चिक्कू. किमान बचावाची चौकट ब्लफ करणाऱ्यापासून वाचायला आहे. जो ब्लफच करत नाही त्याच्यापुढे ती धरून बसलो तर आपण त्याचा पगार देतोय.

इथे तीनपत्तीवर वाढलेल्या आपल्या मंडळींना एक खास अडचण येते. दिवाळीत घरात खेळताना शेवटी दोघं उरले की शो मागायचा, पैसे भरून समोरच्याची पानं बघायची. रिव्हरवरचा 36 डॉलरचा कॉल पुष्कळदा तोच शो असतो: हरलो तरी चालेल, पण काय होतं ते बघू. फोल्ड केल्यावर पानं दिसत नाहीत आणि चिक्कू दाखवणारही नाही. हे सहन होणं फुल रिंगच्या कौशल्यांत मोडतं असं मी मानतो, आणि त्याची कुठलीही स्टॅट सॉफ्टवेअरमध्ये नसते.

बेटचा आकार आणि खुर्ची बदलली तर

रिव्हरवर त्याने 36 ऐवजी 20 लावले असते तर? 20 भागिले 89.5, म्हणजे 22.3 टक्के. मागची 5.2 पानं पुरतात. इथे एक्का-गुलामाची तीन आत येण्याची शक्यता वाढते, कारण 20 हा "एखादी जोडी कॉल करेल" अशा विचाराचा आकार आहे. कॉल करावासा वाटतो. उरलेले सगळे 77 लावले असते तर 37.8 टक्के, म्हणजे जवळपास 11 पानं. एका क्षणात फोल्ड.

खुर्ची बदलून बघा. बटनवरून उघडलेल्या खेळाडूविरुद्ध आपण बिग ब्लाइंडमध्ये राण्या घेऊन काही कारणाने नुसता कॉल केला आणि बोर्ड हाच पडला असं धरू. आता त्याच्याकडे गुलामाची जोडी किती प्रकारे येते? एक्का-गुलाम 12, राजा-गुलाम 12, राणी-गुलाम 6, गुलाम-दश्शी 12. एकूण 42. पहिल्या जागेवरच्या चिक्कूकडे हेच 3 होते. शिवाय दश्शी-नव्वीचे 16 फसलेले ड्रॉ. यातलं निम्मं टर्न-रिव्हरवर चेक झालं तरी 36 चा कॉल विचार न करता करायचा.

ही तफावत बघितली की एक जुनी गोष्टही उलगडते. पार्टी पोकर या साइटवर दहा जणांची आणि पोकरस्टार्स या साइटवर नऊ जणांची टेबलं भरून वाहत होती तेव्हा कित्येक जण एकाच वेळी डझनभर टेबलं उघडून, पहिल्या जागेवरून अशाच 6-7 टक्के पानांवर महिने काढत. टेबलावर दिलदार पुष्कळ असल्यामुळे ते चालून जायचं. 2006 मध्ये अमेरिकेत पैशांच्या व्यवहारांवर कायदा आला, पार्टी पोकरने तिथून पाय काढला. 15 एप्रिल 2011 ला अमेरिकी सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अॅब्सोल्यूटवर कारवाई केली. दिलदार आटले आणि उरलेले नियमित खेळाडू सहाच्या टेबलांकडे वळले, कारण चिक्कूंनी भरलेल्या टेबलावर चिक्कूला काहीच मिळत नाही.

आपल्याकडे 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी आणली, त्यामुळे भारतातल्या अ‍ॅपवर हा डाव आता खऱ्या पैशांनी खेळता येत नाही. मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर पणजीत टेबलाभोवती आठ-नऊ जण बसतात तिथे फुल रिंग अजून जिवंत आहे. पण तिथल्या कुणासाठी हा हिशेब जसाच्या तसा वापरू नका. स्क्रीनवरचा 13/10 तिथे दिसत नाही, आणि बहुतेक टेबलांवर चिक्कूपेक्षा दिलदारच जास्त सापडतात. पहिल्या जागेवरून 88 ऐवजी 200 कॉम्बो उघडणाऱ्यापुढे प्रीफ्लॉपची थ्री-बेट परत शहाणपणाची ठरते.

स्टॅटवर किती विसंबायचं

या सगळ्या हिशेबाचा पाया चिक्कूची 6.6 टक्के आणि त्याचा टर्न-रिव्हरवरचा स्वभाव यांवर आहे. व्हीपीआयपी आणि पीएफआर काही शे डावांत बऱ्यापैकी स्थिरावतात. पहिल्या जागेवरून किती उघडतो हे कळायला त्याच्या नऊपट डाव लागतात, कारण त्या जागेवर तो नऊ डावांत एकदाच येतो. रिव्हरवर किती वेळा बेट करतो हे तर हजारो डावांनंतरही धूसर असतं, कारण रिव्हरपर्यंत तो पोचतोच कितीदा? चाळीस डावांवरचा रिव्हरचा आकडा पाहून निर्णय घेणारे मी पाहिलेत. त्यापेक्षा तो आकडा झाकून ठेवलेला बरा.

त्यामुळे मी दोनच आकड्यांकडे बघतो: शोडाउनपर्यंत किती जातो आणि तिथे किती वेळा जिंकतो. कमी वेळा जातो आणि जास्त वेळा जिंकतो असा माणूस रिव्हरवर पैसे लावतो तेव्हा त्याच्याकडे असतं. याउलट, शोडाउनला तीसच्या वर जाणारा आणि निम्म्याहून कमी जिंकणारा 36 लावतो तेव्हा त्याच्या नावापुढची नोट उघडून त्याने याआधी एक्का-राजा घेऊन तिसरं बॅरल कधी दाखवलंय का ते बघा. एकदा जरी दाखवलं असेल तर मागची 7 ची 9-10 धरायला हरकत नाही, आणि तिथे राण्या कॉल होतात.

आपला फोल्ड झाला. पॉट चिक्कूकडे गेला, आपल्या खात्यातून गेले ते नेमके 3, 6 आणि 14 मिळून 23 डॉलर. त्याच्या नावापुढे एवढंच लिहून ठेवायचं: "यूटीजी 3, फ्लॉप 6, टर्न 14, रिव्हर 36, कोरडा बोर्ड, पानं दाखवली नाहीत." पुढच्या वेळी तो हाच क्रम लावून कुणाच्या कॉलला पानं उघडेल तेव्हा या ओळीशेजारी ती पानं लिहा. 18 आणि 7 हे आकडे तेव्हा दुरुस्त होतील.